कॉम्प्युटर टक्-टक् करतोय? आधी फोटो वाचवा

आमच्या तारकर्लीत कॉम्प्युटरचा पंखा जरा लवकरच घरघरायला लागतो. हवा दमट आणि खारी, त्यात बारीक वाळू. धूळ पात्यांना चिकटूनच बसते. मशीन बंद करून पंखा साफ केला की बहुतेक वेळा आवाज जातो.

गेम चालू केल्यावर बारीक 'चीं' ऐकू येतं, ते कॉइलचं. विजेचा प्रवाह झरझर बदलतो, तसं तारेचं वेटोळं थरथरतं. त्रास आपल्या कानाला, मशीनला नाही.

मी घाबरतो ते हार्ड डिस्कच्या टक्-टकीला. आतली चकती बऱ्याच डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०! डेटा वाचणारा हेड तिला न टेकता, केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगतो. त्याला जागा सापडली नाही की तो मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. तीच ही टक्-टक्. अशा वेळी 'रिस्टार्ट मारून बघू' अजिबात नको. डिस्क उघडत असेल तर स्कूबाचे व्हिडिओ, घरचे फोटो लगेच दुसरीकडे कॉपी करा. उघडतच नसेल तर बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती बिघडते तेव्हा टक्-टक् सुद्धा करत नाही, म्हणून बॅकअप तिचाही ठेवा.