चालत्या डोंगरांचा किनारा

'तळे' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्याची तलावपाळी, नाहीतर देवळामागचे शेवाळलेल्या पायऱ्यांचे एखादे जुने तळे. संध्याकाळी काठाने एक फेरी मारावी, भेळ खावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढीच त्याची-आपली ओळख. अमेरिकेतले मिशिगन सरोवर मात्र या व्याख्येत बसायला साफ नकार देते. त्याची लांबी ३०७ मैल आणि सर्वांत रुंद ठिकाणी रुंदी ११८ मैल! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, वारा कानांत घोंघावतो. फक्त पाणी तेवढे गोडे. आणि या पाण्याच्या दक्षिण टोकाला, इंडियाना राज्यात, वाळूचे डोंगर उभे आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकागोला धाकट्या बहिणीकडे गेले, तेव्हा हे डोंगर पाहण्याचा योग आला. "ताई, संग्रहालये पुष्कळ पाहिलीस. आता एक दिवस पायांना काम दे," असे म्हणून तिने मला आणि आपल्या दोन्ही मुलांना विजेच्या आगगाडीत बसविले. 'साउथ शोअर' नावाची ही गाडी १९०८ सालापासून धावते आहे. खिडकीतून गॅरी शहराचे पोलादाचे अवाढव्य कारखाने मागे पडले आणि थोड्याच वेळात 'ड्यून पार्क' हे स्टेशन आले. मैलभर चालले की सरोवर.

येथे उद्याने दोन आहेत, हे आधी सांगायला हवे. एक राज्य सरकारचे, १९२५ साली स्थापन झालेले. त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेले दुसरे राष्ट्रीय उद्यान. त्याचा काठ सुमारे १५ मैलांचा. हिंडणाऱ्याला ही सीमा फारशी जाणवत नाही.

राज्य-उद्यानात हौशी माणसांसाठी तीन शिखरांची एक पैज ठेवलेली आहे. जॅक्सन १७६ फूट, होल्डन १८४ फूट आणि टॉम १९२ फूट. एकूण दीड मैलाची वाट आणि ५५२ फुटांची चढण. सिंहगड चढणाऱ्या माणसाला हे आकडे ऐकून हसू येईल. पण वाळूवरची चढण वेगळी! दोन पावले वर जावे, तो वाळू एक पाऊल खाली ओढते. पोटऱ्या बोलू लागतात. "मावशी, थांबू नकोस, थांबलीस की घसरशील," हा भाच्याचा उपदेश मला मुकाट्याने ऐकावा लागला. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र श्रमाचे चीज झाले. खाली निळे पाणी आणि क्षितिजावर, काड्यापेट्या उभ्या कराव्यात तशी शिकागोची गगनचुंबी घरे!

ज्याला चढण नको, त्याला काठावर हवे तेवढे खेळ आहेत. कोरड्या वाळूवरून पाय घासत चाला. गारगोटीचे बारीक, गोल कण एकमेकांवर घासून चक्क किणकिणतात. मुलांना या गाणाऱ्या वाळूचे कोण वेड! मे महिन्यात पाणी इतके थंड, की घोट्याच्या वर जाण्याची माझी हिंमत झाली नाही. पोहणाऱ्यांची झुंबड उडते ती जुलै-ऑगस्टमध्ये. वारा असेल त्या दिवशी माणसाला आत खेचणारे प्रवाह असतात, तेव्हा पाण्यात जाऊ नये. हिवाळ्यात लोक याच टेकड्यांवरून बर्फात घसरतात, रुंद तळव्यांचे जोडे घालून रानवाटा तुडवतात. काठाशी साचलेल्या बर्फाच्या थरावर मात्र कोणी पाय ठेवायचा नसतो. तो वरून भक्कम दिसतो आणि आतून पोकळ असतो.

पण मला सर्वांत भावली ती 'वेस्ट बीच'ची वाट. हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच टेकड्यांचा अभ्यास करून १८९९ साली आपला प्रसिद्ध प्रबंध छापला. त्याने दाखवून दिले, की पाण्यापासून आत चालत जाणे म्हणजे काळातून चालत जाणे. काठावर उघडी वाळू. मग तिला धरून ठेवणारे मॅरम गवत. त्यामागे कॉटनवुडची झाडे, मग पाइन आणि सर्वांत आत ओकचे जुने रान. उजाड वाळूचे अरण्य कसे होते, याची सारी प्रकरणे एकापुढे एक मांडलेली. याच उद्यानात निवडुंगही आहे आणि दलदलीत किडे खाणारी वनस्पतीही! देशी वनस्पतींच्या अकराशेंहून अधिक जाती येथे नोंदलेल्या आहेत.

हा सारा खजिना सहज राहिलेला नाही. मिशिगन सिटीजवळ 'हूझियर स्लाइड' नावाची सुमारे २०० फूट उंचीची टेकडी होती. तिची वाळू काचेच्या बरण्या करण्यासाठी गाड्या भरभरून नेली गेली आणि १९२० च्या सुमारास टेकडीच उरली नाही. आख्खा डोंगर लोणच्या-मुरंब्यांच्या बरण्यांत गेला! राष्ट्रीय उद्यान-सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनी १९१६ साली शिकागोत सभा भरवून येथे राष्ट्रीय उद्यान व्हावे असा विचार पुढे आणला; पण पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि तो बेत बासनात गेला. पुढे बंदर आणि पोलादाचे नवे कारखाने यांची योजना आली, तेव्हा १९५२ साली डोरोथी ब्युएल या गृहिणीने आपल्या घरी काही स्त्रियांना जमवून टेकड्या वाचविण्याची संस्था काढली. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते शेजारच्या इलिनॉय राज्याचे सिनेटर पॉल डग्लस. अखेर तडजोड झाली. मधल्या सुंदर टेकड्या गेल्या. त्यांच्या वाळूने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सरोवरात भर घालून आपले आवार वाढविले. उरलेल्या किनाऱ्याला १९६६ साली कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा. कारखान्यांच्या धुराड्यांमध्ये ही टेकड्यांची ओळ आज उभी आहे, ती त्या बैठकीतल्या बायकांच्या चिकाटीमुळे.

आणि आता तिला भीती आहे ती आपल्यासारख्या प्रेमाने येणाऱ्यांचीच! 'माउंट बाल्डी' ही १२६ फुटांची टेकडी याची साक्ष देते. मॅरम गवत वाळूखाली गाडले गेले तरी पुन्हा वर येते, पण माणसाच्या पायांखाली ते मरते. गवत गेले की वाळू मोकळी होते आणि वाऱ्याबरोबर डोंगर चालू लागतो. बाल्डी अशीच सरकत गेली आणि वाटेतले ओकचे रान तिने गिळले. आत झाडे कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. २०१३ च्या जुलैत सहा वर्षांचा एक मुलगा अशाच पोकळीत गडप झाला. तीन तासांहून अधिक खणल्यावर तो जिवंत सापडला, हे नशीब! तेव्हापासून तिच्या माथ्यावर उद्यानाच्या रक्षकाबरोबरच जाता येते. अन्यत्रही 'वाटेवरूनच चाला' अशा पाट्या आहेत. "एवढी मोकळी वाळू, आणि चालायचे मात्र आखलेल्या वाटेने!" असे मला आधी वाटले होते. भाचीने गवताच्या एका पात्याकडे बोट दाखवून सांगितले, "मावशी, हा डोंगर या गवतानं बांधलाय."

तिचे ते वाक्य ऐकून मला आपले कोकण आठवले. आपल्या किनाऱ्यावरही वाळूला धरून ठेवणारी एक वेल आहे. आपट्यासारखी दुभंगलेली पाने, जांभळट फुले. सुट्टीत आपण तिच्यावरून बिनदिक्कत चालतो, हौसेने मोटारीही नेतो. आपल्या पूर्वजांनी तिला किती विचारपूर्वक नाव दिले आहे पाहा: मर्यादवेल. ती समुद्राची मर्यादा राखते. आपली राखण्याचे काम मात्र तिने आपल्यावरच सोपविलेले आहे.