डोकं बदला, मैफल खुलवा!

मैफली ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळींच्या पेटीत डोकावून बघा. माइकच्या नळ्या दोनच, पण त्यांची डोकी सहा-आठ! हेच मॉड्युलर कंडेन्सर मायक्रोफोन. पुढे आवाज टिपणारी कॅप्सूल, मागे अ‍ॅम्प्लिफायर. सभागृह पाहायचं, जागा पाहायची आणि त्याप्रमाणे कॅप्सूल फिरवून बसवायची.

शंभरीला टेकलेली युक्ती
१९२८ साली बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमान यांनी ‘सीएमव्ही ३’ बाजारात आणला. त्याचा आकार बघून लोक त्याला ‘नॉयमानची बाटली’च म्हणू लागले. लवकरच त्याचं डोकंही बदलता येऊ लागलं!

४८ व्होल्टच का?
कंडेन्सर माइकला वीज लागते, आणि ती आवाजाच्याच केबलमधून येते. तिचं नाव फँटम पॉवर. ४८ हा आकडा आला नॉर्वेहून. तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यासाठी नभोवाणीच्या इमारतीत ४८ व्होल्टची जादा दिव्यांची व्यवस्था आधीच होती. १९६६ साली नॉयमान कंपनीने त्याच विजेवर आपला ‘केएम ८४’ चालवला आणि पुढे जगभर हाच आकडा रूढ झाला.

दहा फूट, सतरा फूट, एकोणीस फूट
निवडीचं खरं मर्म इथे आहे. ओम्नी कॅप्सूल चहूबाजूंनी ऐकते. कार्डिऑइडचं लक्ष समोर असतं, सुपरकार्डिऑइडचं त्याहून जास्त. समजा, ओम्नी गायकापासून दहा फुटांवर ठेवली. गाणं आणि सभागृहाचा घुमारा यांचं तेच प्रमाण राखून कार्डिऑइड साधारण सतरा फुटांवर नेता येते आणि सुपरकार्डिऑइड एकोणीस. म्हणजे मागच्या रांगेत जागा मिळाली, तर सुपरकार्डिऑइड हाताशी हवीच. शेजारच्या रसिकाची ‘वाहवा’सुद्धा ती बरीच दाबते. पण एक खोच आहे. कार्डिऑइड थेट मागचं सर्वांत कमी ऐकते, तर सुपरकार्डिऑइड मागच्या दोन तिरक्या कोनांतलं, समोरपासून मोजलं तर साधारण १२६ अंशांवरचं. तेव्हा नेमका पाठीमागे घरघरणारा पंखा असेल, तर कार्डिऑइडच बरी.

ओम्नीला मात्र कमी लेखू नका. खर्जाचा भरीवपणा तिच्याइतका कुणालाच साधत नाही आणि उघड्या मैदानात वाऱ्याचा त्रासही तिला कमी होतो. सभागृह उत्तम असेल आणि कलाकारांच्या जवळ जागा मिळाली, तर मी डोळे मिटून ओम्नीच लावीन.

डोकं इथे, धड तिथे
जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या शोप्स कंपनीची कोलेट मालिका १९७०च्या दशकातली. तिची कॅप्सूल नळीपासून सोडवून लांब केबलच्या टोकाला लावता येते. कॅप्सूलचा विद्युतसंकेत इतका नाजूक असतो, की साध्या केबलमध्ये तो पार दुबळा होईल. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला टप्पा केबलच्या टोकाशी, कॅप्सूलला खेटून बसवलेला असतो. मंचावर दिसतं ते फक्त बोटाच्या पेराएवढं डोकं!

श्रोत्यांसाठी राखीव रांगा
ऑक्टोबर १९८४. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मैफलीत ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी अधिकृत वेगळी जागा आखून दिली. उंच दांड्यांवर माइकचं रानच उगवायचं तिथे! असल्या हजारो मैफली आज इंटरनेट आर्काइव्हवर ऐकता येतात. कित्येकींच्या नोंदीत कॅप्सूलचा क्रमांकही लिहिलेला असतो.

सतरा सेंटिमीटर
फ्रेंच नभोवाणीची ओआरटीएफ पद्धत लक्षात ठेवायला सोपी: दोन कार्डिऑइड, मध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. हे अंतर आपल्या दोन कानांमधल्या अंतराच्या जवळपास आहे. डाव्या-उजव्या बाजूचा भास सुरेख येतो आणि एकाच स्टँडवर काम भागतं.

पावसाळी इशारा
दमट हवेत बऱ्याच कंडेन्सर कॅप्सूल चरचर, फटफट असे आवाज करू लागतात. मुंबई-कोकणात जूनपासून कॅप्सूल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवा.

खरेदीचा क्रम विचाराल, तर आधी कार्डिऑइडची जोडी घ्या, मग सुपरकार्डिऑइडची, ओम्नी तिसरी. नळ्या त्याच राहतील. फक्त कॅप्सूल त्याच कंपनीच्या, त्याच मालिकेच्या हव्यात. एकीच्या सहसा दुसरीला बसत नाहीत. आणि माइक उभा करण्याआधी कलाकारांची परवानगी जरूर घ्या.