स्प्रॉकेट बदललं की बाईक खरंच सुसाट पळते का?

‘पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं टाक, गाडी सुसाट पळेल!’ हा सल्ला तुम्ही रील्समध्ये किंवा मित्राकडून ऐकलाच असेल. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा धारूरच्या घाटात कळतो.

गिअर रेशो म्हणजे काय?

समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आहेत आणि मागच्याला ४२. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पुढचं तीनदा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. इथे फेरे तीन पटीने कमी होतात, पण ओढ म्हणजेच टॉर्क तिप्पट होतो. पॉवर मात्र वाढत नाही. ती इंजिन देईल तेवढीच.

खेळण्यातल्या स्लॉट कारचंही हेच गणित. मोटारीच्या गिअरला ९ दात आणि एक्सलच्या गिअरला २७, म्हणजे रेशो पुन्हा ३. लांब सरळ ट्रॅक असेल तर एक्सलला कमी दातांचा गिअर लावतात, वळणांचा ट्रॅक असेल तर जास्त दातांचा. ट्रॅक बघून गिअर ठरतो.

एक दात वाढवला तर?

पुढे १५ दात टाकले की रेशो होतो २.८. त्याच आरपीएमला ६० ऐवजी साधारण ६४ चा स्पीड मिळतो. पण ओढ जवळपास ७ टक्के कमी होते. टॉप स्पीड वाढेलच असंही नाही. हवेचा रेटा कापायला इंजिनची ताकद कमी पडली, तर टॉप गिअरमध्ये गाडी उलट मंदावते.

घाटात काय होतं?

डबल सीट चढताना गाडी लवकर दमते, खालचा गिअर टाकावा लागतो, क्लचवर ताण येतो. उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनचा ब्रेकही कमी लागतो. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर घाटात खालच्या गिअरमध्ये चालतो, तो याच कारणासाठी. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल तर कधीच टाकू नका. इंजिनचा ब्रेक पूर्णच जातो.

मग ठरवायचं कसं?

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. मागचे दात भागिले पुढचे दात. उत्तर लहान झालं तर स्पीड, मोठं झालं तर ओढ. रोज बीड-गेवराई हायवेवर एकटेच जात असाल तर फरक चालून जाईल. घाट, शेतरस्ता किंवा डबल सीट असेल तर कंपनीचंच सेटिंग ठेवा.