जुना सिंथेसायझर : खोड पट्टीत की आत?

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे आपले बरेच कारागीर होते. ते काम आटले, पण हातातला हुन्नर गेलेला नाही. अशा हातांना जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरचे काम जमण्यासारखे आहे. गाण्याबजावण्याविषयी आपल्यात मतभेद आहेत. येथे विषय फक्त रोजीचा आहे.

1982 साली मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. 2010 मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि गाजली. यंत्रांचेही तसेच झाले. 1984 चा जूनो-106 चालू असेल तर परदेशात लाखाच्या पुढे जातो. बंद असेल तर भंगारवाला वजनावर नेतो. मधला फरक कारागिराच्या हातात आहे.

यंत्र आले की लगेच प्लग लावू नये. जपानातल्या बाजारासाठी बनलेले यंत्र 100 व्होल्टचे असते, आपली वीज 230 ची. मागची पट्टी वाचावी आणि गरज असेल तर ट्रान्सफॉर्मर लावावा. घरघर येत असेल तर पुरवठ्याचे कंडेन्सर वाळलेले असण्याचा संभव मोठा.

नंतर बॅटरी पाहावी. कॉर्गचा पॉलिसिक्स (1981) याचे उत्तम उदाहरण. स्वरांची आठवण राखणारी निकेल-कॅडमियम बॅटरी त्याच्या बोर्डावरच बसवलेली असते. ती गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. बॅटरी काढावी, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसावी, स्वच्छ करून पूर्ण वाळवावी, तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडाव्यात. नवी लिथियमची बॅटरी वायरने दूर बसवावी. मात्र मूळ सर्किट बॅटरीला चार्ज करते आणि लिथियमला ते चालत नाही, म्हणून मध्ये डायोड हवाच.

आता मुख्य गोष्ट. जूनोत आणि पॉलिसिक्समध्ये एकसारखी सहा सर्किटे असतात. दाबलेल्या पट्ट्या त्यांना आळीपाळीने मिळतात. एकच पट्टी दर वेळी मुकी राहत असेल तर दोष पट्टीखालच्या संपर्कात. तो स्पिरिटने पुसला की बहुधा काम होते. पण मुकेपणा या पट्टीवरून त्या पट्टीवर फिरत असेल, सहातला एक सूर गळत असेल, तर एक सर्किट गेले आहे. अशा वेळी आयसी बदलण्याची घाई करू नये. शेजारी पाच चांगले जुळे भाऊ बसलेले आहेत. त्याच ठिकाणी मल्टीमीटर लावून आजारी आणि निरोगी यांचे आकडे ताडावेत. नकाशा नसला तरी दोष सापडतो. जूनोत बहुतेक वेळा 80017ए हा भाग निघतो. त्यावरचा लेप जुना होऊन वीज वाहू लागतो. भाग काढून अॅसिटोनमध्ये दिवस-दोन दिवस भिजवला, लेप सोलला, की अनेकदा तोच भाग पुन्हा चालतो.

या कामात एक गोष्ट कापडवाल्याने सांगावी अशी आहे. हिवाळ्यात टेरिलीनचे थान उलगडताना बोटाला चटका बसतो. आपल्याला तो किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात आतली आयसी मरते आणि दोष शोधणारा स्वतःच नवा दोष घालतो. कामाला बसताना अंगात सुती कपडा असावा आणि मनगट तारेने अर्थिंगला जोडलेले असावे. ही तार एक मेगओमच्या रेझिस्टरमधून न्यावी, सरळ कधीच नाही. आणि यंत्राचा प्लग काढलेला असावा.

पॉलिसिक्स, ज्युपिटर यांचा सूर यंत्र अर्धा तास तापल्यावरच मिळवावा. थंडपणी मिळवलेला संध्याकाळी उतरतो. जूनोला ही अडचण नाही, त्याचा सूर घड्याळासारख्या ठोक्यावर चालतो. सरकत्या बटणांची खरखर काढायला काँटॅक्ट क्लीनर वापरावे, मशीनचे तेल कदापि नाही.

आणि तपासणीची मजुरी यंत्र उघडण्यापूर्वीच बोलून घ्यावी. दोष शोधायला दोन दिवस लागतात, काढायला कधी दहा मिनिटे. गिऱ्हाईक दहा मिनिटांचेच पैसे मोजतो.