टोपीच्या आतलं नाव

इंग्लंडात एखादे आजोबा वारले की घर रिकामं करताना पोटमाळ्यावरची पेटी सगळ्यात शेवटी उघडली जाते. त्यातून कधी तपकिरी कातड्याची, कानांवर रबरी वाट्या बसवलेली टोपी निघते. नातवंडांना ती नको असते, सामान उचलणाऱ्याला घाई असते आणि टोपी कचऱ्यात जाते. क्वचित कुणीतरी ती वाचवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाचं, म्हणजे रॉयल एअर फोर्सचं, उड्डाणसाहित्य बरेचदा याच वाटेनं संग्राहकांकडे येतं. अशी एक टोपी तुमच्या हाती आलीय असं समजू आणि ती कुणाची होती हे शोधायला बसू.

आधी हात आवरा

पहिला मोह पुसायचा होतो. धूळ झटकावी, कातड्याला तेल चोळावं, लोंबणारी वायर कापून टाकावी असं वाटतं. यातलं काहीही करू नका. आतल्या मऊ अस्तरावर शाईनं लिहिलेलं नाव ओल्या फडक्याच्या एका हातात जातं, आणि ते गेलं की टोपी नुसती टोपी उरते.

त्याऐवजी फोटो काढा: बाहेरून, आतून, प्रत्येक शिक्क्याचा जवळून. मग एक वही घ्या. टोपी कुणाकडून आली, कधी, कुठल्या घरातून, पेटीत सोबत आणखी काय होतं, हे त्याच दिवशी लिहा. सोबतचं पाकीट, मोडका बिल्ला, लग्नाचा फोटो हे सगळं एकत्र ठेवा. व्यापारी बहुधा फोटो एकाला आणि टोपी दुसऱ्याला विकतो. त्या क्षणी दोघांचं नातं तुटतं आणि पुढं ते कुणालाही जोडता येत नाही.

ही वस्तू नक्की कोणती?

आता वस्तू ओळखायची. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश वैमानिक 'बी' प्रकारची टोपी वापरत. तिच्या कानांवर गुबगुबीत कातडी कप्पे असत आणि त्यांना चेन असे. 1941 च्या सुमारास 'सी' प्रकार आला. त्यात इयरफोन थेट रबरी वाट्यांत बसले. 'डी' म्हणजे उष्ण प्रदेशासाठी त्याच घडणीची, पण खाकी सुती कापडाची टोपी. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडणाऱ्यांच्या डोक्यावर ही दिसते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात काही सापडलंच, तर खाकी कापडाकडेही लक्ष असू द्या.

टोपीत वायर आणि इयरफोन नसले तर लगेच नाराज होऊ नका. युद्ध संपल्यावर हे साहित्य स्वस्तात विकलं गेलं आणि मोटारसायकलवाल्यांनी ते घेतलं. त्यांना वायरचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी ती कापून टाकली. तोही त्या टोपीचा इतिहासच आहे.

मग शिक्के बघा. मुकुट आणि त्याखाली 'ए. एम.' ही अक्षरं म्हणजे एअर मिनिस्ट्री. हे खातं 1964 मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झालं. म्हणजे शिक्का फार तर वस्तू त्याआधीची असल्याचं सांगतो, ती युद्धातली आहे असं सिद्ध करत नाही. त्याच्याजवळ भांडाराचा क्रमांक असतो. तो वाचायला सोपा आहे, कारण तिरक्या रेघेआधीचा भाग वस्तूची जात सांगतो: 22सी म्हणजे उड्डाणाचे कपडे, 6डी म्हणजे ऑक्सिजनची साधनं, 10ए म्हणजे रेडिओचे भाग, 15ए म्हणजे पॅराशूट. एकाच टोपीवर 22सी आणि तिच्या इयरफोनवर 10ए दिसला तर गोंधळू नका. कापड एका भांडारातून यायचं, विजेचा भाग दुसऱ्या. हे सगळे क्रमांक हवाई दलाच्या 'एअर पब्लिकेशन 1086' या साहित्यसूचीत छापलेले होते.

नकली माल ओळखायच्या दोन-तीन साध्या युक्त्या आहेत. शिवणीत वेल्क्रो असेल तर ती शिवण युद्धानंतरची. 13 आकडी नाटो क्रमांक असेल तर वस्तू युद्धातली असूच शकत नाही, कारण नाटोच 1949 ची. अंधारात अतिनील दिवा धरला की आधुनिक कृत्रिम धागा बहुधा निळसर चमकतो, जुना सुती धागा मंद राहतो. मात्र जुनं कापड कुणी आजच्या पावडरीत धुतलं असेल तर तेही चमकतं, म्हणून एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका. छातीवर शिवायचे 'पंख' असले तर त्यांवरचा मुकुट बघा. महायुद्धाच्या काळातल्या मुकुटाची कमान वर गोल असते. राणी एलिझाबेथच्या राज्यात आलेल्या मुकुटाची कमान मधोमध खाली दबलेली असते.

नाव आणि आकडे

आता अस्तर उजेडात तिरकं धरा. शाई उडाली असली तरी निबाच्या रेघा कधीकधी अशा कोनात दिसतात. नुसतं 'स्मिथ' मिळालं तर फार आनंद नको, हवाई दलात स्मिथ ढिगानं होते. पण नावाशेजारी सेवाक्रमांक असेल तर दार उघडलंच.

क्रमांकाची घडण बोलकी असते. 740000 च्या पुढचा आकडा बहुधा युद्धापूर्वी राखीव दलात भरती झालेल्या सार्जंट वैमानिकाचा. आधी 'जे' असेल तर तो कॅनडाचा अधिकारी, 'आर' असेल तर कॅनडाचाच पण अधिकारी नसलेला. इथं एक खड्डा आहे. सार्जंटला अधिकारीपद मिळालं की त्याचा क्रमांक बदलायचा. टोपीत जुना आकडा आणि कागदात नवा आकडा आला म्हणजे दोन माणसं, असं समजू नका. एकाच माणसाचे ते दोन क्रमांक असू शकतात.

अमेरिकन साहित्यात पद्धत वेगळी. धुलाईत कपडे मिसळू नयेत म्हणून सैनिक आडनावाचं पहिलं अक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार आकडे कपड्यावर लिहीत. एवढ्या खुणेवरूनही माणूस सापडतो. पण सेंट लुईसच्या अभिलेखागाराला 12 जुलै 1973 ला लागलेल्या आगीत लाखो सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथली वाट बरेचदा राखेत संपते.

कागदांची वाट

नाव आणि क्रमांक हाती आले की ब्रिटिश बाजूनं चार दारं ठोठवायची. पहिलं दार लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. अधिकाऱ्याची नेमणूक, बढती, पदक यांची तारीख त्यात मिळते आणि ते ऑनलाइन फुकट चाळता येतं. दुसरं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. माणूस युद्धात मारला गेला असेल तर त्याचं नाव, तारीख, तुकडी आणि कबर वा स्मारक तिथं असतं. पुण्यातलं खडकीचं युद्धस्मशान याच संस्थेकडे आहे.

तिसरं दार लंडनच्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार. तिथल्या 'एअर 27' या मालिकेत स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदी आहेत. फॉर्म 540 वर दिवसाचा गोषवारा असतो. फॉर्म 541 वर कोण, कुठल्या क्रमांकाच्या विमानातून, किती वाजता उडालं आणि किती वाजता परतलं ते. परतीच्या रकान्यात वेळ नसली की वाचणाऱ्याचा हात थांबतो.

चौथं दार वैमानिकाची स्वतःची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, घरच्यांनी जपली असेल तर. सरकारकडे पडून राहिलेल्या बऱ्याच लॉगबुका नंतर नष्ट झाल्या, नमुन्यादाखल काहीच ठेवल्या गेल्या. म्हणून पेटीत निळ्या कापडी बांधणीची जाड वही दिसली तर टोपीआधी ती उचला. बऱ्याच वह्यांत रात्रीच्या मोहिमा लाल शाईत लिहिलेल्या सापडतात आणि महिन्याच्या शेवटी वरिष्ठाची सही.

एवढं जुळल्यावरही जपून बोलायचं. साहित्य भांडारातून मिळायचं, परत जायचं आणि दुसऱ्याला दिलं जायचं. म्हणून एकाच टोपीत दोन-तीन नावं खोडलेली सापडतात. नावावरून एवढंच ठरतं की ती टोपी कधीतरी त्या माणसाकडे होती. त्या रात्री ती त्याच्या डोक्यावर होती की नाही, हे नाव सांगू शकत नाही. वहीत दोन रकाने करा, 'सिद्ध' आणि 'शक्य', आणि दुसऱ्यातलं पहिल्यात पुराव्याशिवाय ढकलू नका.

बोलक्या लहान वस्तू

काही वस्तू मात्र मालकाचं नाव थेट सांगतात. पॅराशूटनं जीव वाचलेल्यांसाठी लेस्ली अर्व्हिनच्या पॅराशूट बनवणाऱ्या कंपनीनं सोन्याची सुरवंटाची पिन ठेवली होती, कारण पॅराशूटचं रेशीम देणारा किडा तोच. पिनेच्या मागं बहुधा त्या माणसाचं नाव कोरलेलं असतं. समुद्रात पडून वाचलेल्यांसाठी 1942 मध्ये गोल्डफिश क्लब निघाला. त्याचा बिल्ला पंख असलेल्या सोनेरी माशाचा.

बुटांकडेही बघा. 1943 च्या नमुन्याच्या बुटात लहानसा चाकू लपवलेला असे. शत्रूच्या मुलखात उतरलं की लोकरीचा वरचा भाग कापून टाकायचा, खाली साधा चामडी बूट उरायचा आणि माणूस शेतकऱ्यात मिसळायचा. म्हणून वरचा भाग कापलेला बूट दिसला तर तो खराब म्हणून फेकू नका. कदाचित त्यानं आपलं काम केलेलं असेल.

धोका आणि जपणूक

जुन्या घड्याळांच्या आणि होकायंत्रांच्या चमकत्या आकड्यांत रेडियम असतं. आकडे चमकायचे थांबले तरी किरणोत्सार राहतो. काच उघडू नका, खरवडू नका. रबरी होडीबरोबरचा दाबाचा सिलिंडर किंवा इशाऱ्याचं दारूचं नळकांडं मिळालं तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि ब्रिटनमध्ये पडलेल्या लष्करी विमानाच्या जागी परवान्याशिवाय खणणं 1986 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथं माणसं पुरलेली असू शकतात.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. कातड्यावर बुरशी येते आणि आकसलेल्या रबराला चिरा पडतात. पैठणी जशी मलमलीत गुंडाळून ठेवतात तशीच टोपी ठेवा: आत आम्लमुक्त कागदाचे सैल गोळे भरून, म्हणजे आकार मोडणार नाही, पेटी कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, आतला ओलावा तिथंच कोंडतो. डांबरगोळ्या रबर आणि जुन्या प्लॅस्टिकला बाधू शकतात, त्या टाळा. ऑक्सिजन मास्क वाकवून पाहू नका.

माणूस ओळखला गेला की त्याचं घर शोधून एक पत्र लिहा. तुमच्याकडे काय आहे ते सांगा, फोटो जोडा, काही मागू नका. त्यांना नको असेल तर ठीक. बरेचदा त्यांच्याकडे टोपीतल्या माणसाचा चेहरा असतो आणि तुमच्याकडे त्याच्या मोहिमांच्या तारखा. शेवटी एका जाड कागदावर नाव, क्रमांक, ती कुठून आली आणि काय सिद्ध झालंय एवढं लिहून तो टोपीशेजारी त्याच पेटीत ठेवा. तुमच्यानंतर पेटी उघडणाऱ्याला सगळं पहिल्यापासून शोधावं लागू नये.