गाडीत पाण्याची टाकी: काठोकाठ भरलेली बरी की अर्धी?

मार्च उजाडला की गावाकडच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. छोटा हत्ती किंवा पिकअप, हौद्यात काळी नाहीतर निळी प्लॅस्टिकची टाकी, झाकणातून उसळणारं पाणी आणि डांबरावर लांबच लांब ओली रेघ. कुणी डाळिंबाची बाग जगवत असतो, कुणी बांधकामावर पाणी पोचवतो, कुणाच्या दारी लग्न असतं. ड्रायव्हर ओळखीचा असेल तर विचारून बघा. बरेच जण सांगतील, "टाकी पूर्ण भरत नाही, अर्धीच भरतो. गाडीला लोड नको." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मंडळी, गोची नेमकी इथेच आहे!

आधी वजनाचा हिशोब बघू. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणजे १,००० लिटरची टाकी भरली की झाला १ टन. छोटा हत्ती २००५ साली बाजारात आला तो पाऊण टन माल वाहायला. त्यावर हजार लिटरची टाकी, तिचं स्वतःचं वजन, पंप, पाइप आणि शेजारी बसलेला मदतनीस धरा. ओव्हरलोडला २०१९च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तेव्हा टाकी अर्धी ठेवायचा मोह होणं साहजिक आहे.

आता अर्ध्या टाकीत काय होतं ते पाहा. ५०० किलो सिमेंटची पोती बांधली की जिथे ठेवली तिथेच राहतात. ५०० लिटर पाणी मात्र राहत नाही. तुम्ही ब्रेक मारता, गाडी हळू होते, पण पाण्याला कुणी ब्रेक मारलेला नसतो. ते पुढच्या भिंतीवर चढतं, धक्का देतं आणि मागे फिरतं. सिग्नलला गाडी थांबवून पाय सैल सोडला की गाडी आपोआप फूटभर पुढे सरकते, हा अनुभव टँकरवाल्यांना विचारा. पुढे शाळेची पोरं रस्ता ओलांडत असतील तर तो एक फूटही फार झाला.

वळणावर प्रकार जास्त गंभीर होतो. पाणी बाहेरच्या बाजूला गोळा होतं आणि सगळा भार त्याच बाजूच्या चाकांवर येतो. वेग २० वरून ३० केला तर बाहेर फेकणारा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. त्यात मीटर-सव्वा मीटर रुंद टाकीत अर्धं पाणी असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण एक ते दीड सेकंदाचा असतो. खड्डा चुकवायला स्टिअरिंग डावीकडे आणि लगेच उजवीकडे फिरवलं की तुमची लय आणि पाण्याची लय जुळते. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो ना, अगदी तसंच. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. टाकी तोंडापर्यंत भरली असेल तर पाण्याला हलायला जागाच उरत नाही.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. डोक्यावरच्या हंड्यात त्या लिंबाचा डहाळा टाकायच्या, म्हणजे पाणी हिंदकळत नसे. मोठ्या टँकरमध्ये हेच काम आतल्या भोकं पाडलेल्या आडव्या पत्र्यांचं असतं, ते पाण्याची धाव तोडतात. ब्रिटनमध्ये खिडक्या धुणारे लोक व्हॅनमध्ये पाणी घेऊन फिरतात, त्यांच्याकडे असे पडदे असलेल्या आणि गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेल्या टाक्या मिळतात. आपली गच्चीवरची टाकी आतून गुळगुळीत आणि उभी. ती सपाट जागी गप्प बसण्यासाठी बनवलेली, तिला गाडीत बसवून आपण भलतंच काम देतो.

मग करायचं काय? टाकी लहान घ्यायची आणि पूर्ण भरायची. पाऊण टनाच्या गाडीत हजाराची टाकी अर्धी भरण्यापेक्षा अडीचशे-तीनशेच्या दोन टाक्या काठोकाठ भरलेल्या कधीही चांगल्या. उंच टाकीपेक्षा बुटकी, पसरट बरी. ती केबिनच्या पाठीला टेकवून ठेवा. करकचून ब्रेक मारला तर टाकी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोराने पुढे येते, तेव्हा मध्ये मोकळी जागा नको. अगदी मागे ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. काथ्याच्या दोरीपेक्षा खटक्याचे पट्टे वापरा. पाणी कमी झालं की प्लॅस्टिक आत येतं आणि पट्टे सैल पडतात, म्हणून दर फेरीला ते पुन्हा आवळायचे. पंप लावताना झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर हवा आत न गेल्याने टाकी पिचकते. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच हवी, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ते तापून ऐनवेळी दगा देतात.

उतरवतानाही दोन टाक्यांतून थोडं थोडं पाणी काढू नका. आधी एक पूर्ण रिकामी करा, मग दुसरीला हात लावा. नाहीतर परतीच्या वाटेवर दोन्ही अर्ध्याच!