बांधावरची काठी

जोयडा तालुक्यातील एखाद्या कुणबी वाडीकडे ऐन पावसाळ्यात पायी जाण्याचा प्रसंग आला, म्हणजे हाती काठी असणे किती अगत्याचे आहे, हे पहिल्याच चढणीवर उमगते. शेवाळलेल्या दगडावर पाय निसटू नये म्हणून ती टेकावी. गढूळ ओढ्याची खोली तिनेच अजमावावी. पुढचे गवत हलवून सापकिरडूला दूर होण्याची सूचनाही तिनेच द्यावी. गुरे वळणाऱ्या पोराची ती सोबतीण आणि वृद्धाचा तर तो तिसरा पायच.

या मुलखात भोवताली रान आहे. तरी काठीसाठी रानातच गेले पाहिजे असे नाही. कोकण, गोवा आणि उत्तर कन्नड या पट्ट्यात माणगा नावाचा बांबू कुंपणाला व शेताच्या बांधावर लावतात. त्याला काटे नसतात आणि त्याचा बुडखा जवळजवळ भरीव असतो. म्हणून तो काठीला उत्तम. मात्र त्याला बी क्वचितच धरते. कंद अथवा फांदी लावून माणसानेच त्याचा वंश चालवावा लागतो.

काठी तोडण्यासही विचार लागतो. कोवळा वेळू वाळताना आक्रसतो, म्हणून तीन वर्षांचा जून वेळू निवडावा. त्यातील पिठूळ अंशावर भुंगा जगतो. तो अंश कमी असतो तेव्हा, म्हणजे पावसाळा सरल्यावर, तोड करावी. पुढे वेळू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, विस्तवावर शेकून वाक काढावा, तेल चोळावे आणि चुलीवरच्या धुरात मुरू द्यावा.

गंमत अशी की, सातासमुद्रापलीकडील आयर्लंडातही हीच रीत आढळते. तेथील प्रसिद्ध काठीला शिलेली म्हणतात. विक्लो परगण्यात याच नावाचे गाव असून ते एके काळी ओकच्या वनासाठी विख्यात होते. परंतु काठीचे खरे लाकूड पुढे ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाचेच ठरले आणि तेही शेताच्या कुंपणावरचे! मुळाकडील गाठ मुठीसाठी राखून ते हिवाळ्यात तोडीत, लोणी फासून धुराड्यात महिनोन्‌महिने ठेवीत. त्या काजळीनेच तिला काळी झळाळी येई. जत्रेत दोन तट भिडले म्हणजे तीच काठी शस्त्र होई. एरवी ती चालणाऱ्याचा आधार असे.

आपल्याकडेही काठीने इतिहास पाहिला आहे. १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींच्या हाती असलेली काठी मंजेश्वरचे कन्नड कवी गोविंद पै यांच्या घरची होती व ती काकासाहेब कालेलकरांमार्फत त्यांच्याकडे गेली, असे सांगतात. कालेलकरांच्या बालपणाचा काही काळ याच जिल्ह्यातील कारवारात गेला होता.

१९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून नेतानाही शेतकऱ्याच्या मागे परवान्याचा ससेमिरा लागू शके. २०१७ च्या दुरुस्तीने ती गणना रद्द झाली. कायद्याची अडचण पुष्कळशी सरली. आता उरला आहे प्रश्न लावणाऱ्या हाताचा. ज्या माणग्याला बी धरत नाही, तो बांध मोडून तारेचे कुंपण आले की आपोआप पुन्हा उगवणार नाही. नातवाने आजोबांच्या हाती काठी द्यावी, ही रीत आपण जाणतो. पण त्या काठीचा कंद आजोबांनीच कधी काळी बांधावर पुरलेला असतो, याचे विस्मरण होऊ नये. येत्या मृगात एक कंद लावावा, एवढेच आजचे सांगणे.